समवेग

ओरछा दरवाजा हे नाव झाशीबाहेरच्या माणसाच्या कानावर पडते ते बहुधा एका आरोपाला चिकटूनच. दुल्हाजू नावाचा कुणी सरदार फितूर झाला, त्याने हा दरवाजा आतून उघडला, इंग्रजांची फौज आत शिरली आणि झाशी पडली, अशी ती कथा. वृंदावनलाल वर्मा यांच्या 'झाँसी की रानी' या १९४६ मधल्या हिंदी कादंबरीने ती घराघरांत पोहोचवली, आणि मग नाटकांतून, चित्रपटांतून, शाळेच्या स्नेहसंमेलनांतून ती इतकी रुळली की दरवाजा आणि दगा हे जणू एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हकिगतींत चित्र वेगळे आहे. ३ एप्रिल १८५८ च्या पहाटे त्यांच्या दोन तुकड्या तटावर चालून गेल्या. डावीकडची तुकडी तोफांनी पाडलेल्या खिंडारातून आत घुसली आणि उजवीकडची शिड्या लावून भिंत चढली. काही शिड्या आखूड पडल्या, काही माणसांच्या भाराने मोडल्या. वर पोहोचलेले पहिले अधिकारी तिथेच मारले गेले. ज्यांना दार उघडे मिळते त्यांना शिड्यांचा हा खटाटोप करावा लागत नाही.

तरीही कथा टिकली, कारण पराभवाला एक हात लागतो. अडसर काढणारा हात दाखवता आला की उरलेल्या शहराचे शौर्य अबाधित राहते. ती भावना खोटी नाही. पण तिच्यामुळे तटावर दहा-बारा दिवस जे घडत होते त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. तिथे दारू, लोखंड, शिसे आणि माणसे यांची एक कठोर परीक्षा चालली होती. एकच गोलंदाज, एकच तोफ, एकच निशाण. आणि तरीही पहिला गोळा जिथे पडला तिथेच दुसरा पडेल याची शाश्वती कुणालाच नव्हती. ती शाश्वती मिळवण्याचा माणसाचा खटाटोप फार जुना आहे, आणि त्याचे धागे झाशीच्या इतिहासात चमत्कारिक रीतीने गुंतलेले आहेत.

झाशीचा किल्ला ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांगरा टेकडीवर बांधला. मराठ्यांच्या वतीने तिथे सुभेदार म्हणून आलेल्या नारोशंकरांनी १७४२ नंतर त्याचा विस्तार केला आणि गावही वसवले. नाशिकला गोदावरीकाठच्या देवळावर ज्यांच्या नावाची घंटा आजही दाखवतात तेच हे नारोशंकर. नेमक्या त्याच वर्षी, १७४२ मध्ये, लंडनमध्ये बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञाने तोफशास्त्राची नवी तत्त्वे सांगणारा एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याची कोणतीही सोय जगाकडे नव्हती. गोळी दिसत नाही. ती सुटल्याचे आणि लागल्याचे तेवढे कळते. रॉबिन्सने एक जड लंबक टांगला, त्याला लाकडी ठोकळा जोडला आणि त्यावर गोळी झाडली. गोळी लाकडात रुतून बसली आणि लंबक मागे झुलला. किती झुलला हे त्याला बांधलेल्या फितीवरून वाचता येई. गोळीचे वजन माहीत, लंबकाचे माहीत, झोका मोजलेला. मग डोळ्यांना न दिसणारा वेग आकडेमोडीने हाती येई. बंदुकीची गोळी सेकंदाला दीड हजार फुटांहून अधिक वेगाने जाते हे त्यामुळे प्रथमच निश्चित कळले. ऑयलर याच्यासारख्या गणितज्ञाने तो ग्रंथ १७४५ मध्ये आपल्या टीपांसह जर्मन भाषेत आणला. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यावर वारला. वेग मोजायला शिकवणारा माणूस आपल्याच किनाऱ्यावर मातीला मिळाला याची आठवण फारशी कुणी ठेवलेली नाही.

वेग मोजता येऊ लागला आणि मग खरा प्रश्न पुढे आला. एका गोळीचा वेग कळून काय उपयोग? दहा गोळ्या झाडल्या तर दहा वेगळे वेग दिसतात. निशाणबाजाला अफाट वेग नको असतो. त्याला हवा असतो सारखा वेग. सेकंदाला आठशे फूट जाणारी आणि साडेआठशे फूट जाणारी अशा दोन गोळ्या पन्नास यार्डांवरच्या निशाणावर झाडल्या, आणि हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवला, तर गुरुत्वाकर्षणामुळे त्या एकमेकींपासून सुमारे पाऊण इंच खाली-वर लागतील. तेच अंतर दोनशे यार्डांचे केले तर फरक सुमारे एक फुटाचा होतो. तोफेच्या बाबतीत हिशेब आणखी निष्ठुर आहे. गोळ्याचा पल्ला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेगात शेकडा सहाचा फरक पडला की पल्ल्यात शेकडा बाराच्या आसपास फरक पडतो. सहाशे यार्डांवरच्या बुरुजावर धरलेला गोळा सत्तर यार्ड अलीकडे पडला, तर त्याने बुरुजाचे काहीच बिघडत नाही. आणि सत्तर यार्ड पलीकडे गेला, तर तो कुणाच्या तरी अंगणात पडतो. असमान वेगाची किंमत अनेकदा ज्याच्यावर नेम धरलेलाच नव्हता त्याने मोजलेली असते.

ही असमानता येते कुठून? सोरा, गंधक आणि कोळसा ही दारूची तीन द्रव्ये सगळ्या जगाला माहीत होती. झाशीच्या दारूखान्यातली दारू आणि कंपनीची दारू यांतला सोरा बहुधा एकाच उत्तर हिंदुस्थानी मातीतून आलेला असे. बिहारातला सोरा तर युरोपपर्यंत जात होता. फरक होता तो ठरावीकपणाचा. कोळसा कोणत्या लाकडाचा, तो किती जाळलेला, मिश्रण किती वेळ कुटलेले, दाणा किती बारीक, दमटपणा किती, यांपैकी प्रत्येक गोष्ट ज्वलनाचा वेग बदलते. दारूचा भुगा भुगाच ठेवला तर तो वाहताना द्रव्यांचे थर वेगळे होतात. दाणा पाडून तो चाळून घेतला की प्रत्येक दाण्यात तीनही द्रव्ये बांधली जातात. कंपनीने कलकत्त्याजवळ ईशापूरला दारूचा कारखाना उभारला आणि १७९१ पासून तिथे दारू निघू लागली. तिथल्या मालाचे महत्त्व त्याच्या जोरापेक्षा त्याच्या एकसारखेपणात होते. आज उघडलेले पीप आणि सहा महिन्यांनी उघडलेले पीप यांत गोलंदाजाला नवे काही शिकावे लागत नसे.

मराठ्यांना हे कळत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. महादजी शिंद्यांच्या फौजेसाठी सँग्स्टर या स्कॉटिश कारागिराने आग्र्याला तोफा ओतल्या, आणि १८०३ मध्ये असईच्या रणावर त्या तोफा हाती लागल्या तेव्हा इंग्रजांनीच त्यांच्या बनावटीची वाखाणणी केली. ओतण्याची विद्या आपल्याकडे होती; ओतारी, तांबट, लोहार यांचे हात कसलेले होते. उणीव होती ती एका पिढीची विद्या दुसऱ्या पिढीच्या स्वाधीन करणाऱ्या मोजमापाची. चांगला कारागीर होता तोवर माल चांगला निघे. तो गेला, राज्य बुडाले, आश्रय सुटला, की त्याच्या हातातले प्रमाणही त्याच्याबरोबर जाई. गंगाधरराव १८५३ मध्ये वारले आणि पुढल्याच वर्षी झाशी खालसा झाली. त्यानंतर १८५७ च्या उन्हाळ्यात सत्ता पुन्हा राणीच्या हाती आली, तेव्हा तोफखान्याची घडी अवघ्या काही महिन्यांत बसवायची होती. त्याच वर्षी ओरछ्याचा नत्थेखान फौज घेऊन झाशीवर आला आणि झाशीच्या तोफांनी त्याला परतवले. ओरछ्याकडे तोंड केलेल्या या दरवाजाला शत्रूची पहिली चाहूल आपल्याच शेजाऱ्याकडून लागली होती.

दारूइतकाच गोळ्याचा प्रश्न बिकट. गोल गोळा नळीत सहज सरकावा म्हणून तो नळीपेक्षा थोडा लहान ठेवावा लागतो. त्या फटीतून पेटलेल्या दारूचा वायू निसटतो, आणि गोळा नळीच्या भिंतींवर आपटत, डुचमळत बाहेर पडतो. शेवटचा आपट ज्या बाजूला बसला त्याच्या उलट दिशेला तो कलतो. एक गोळा किंचित मोठा, एक किंचित लहान, एकाच्या पोटात ओतताना राहून गेलेली हवेची पोकळी. दारू तंतोतंत तोलून घातली तरी वेग सारखा कसा मिळावा? एकोणिसाव्या शतकात यावर उपाय निघाला तो शिशाच्या मऊपणाचा. आटेदार नळीत शिशाची लांबट गोळी टाकायची. ती स्फोटाच्या दाबाने फुगून आट्यांत घट्ट बसते, फट बुजते आणि वायू वाया जात नाही. एन्फिल्डची १८५३ ची रायफल ही त्याच विचाराची परिणती होय. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि गोळीचा ०.५६८ इंच, मधली फट इंचाच्या हजारातल्या नऊ भागांची. गोळी कागदात गुंडाळलेली असे, दारूही त्याच कागदी काडतुसात मोजून भरलेली असे, आणि आधीच्या बारांच्या काजळीतून गोळी सुरळीत उतरावी म्हणून कागदाच्या त्या टोकाला चरबी लावलेली असे.

या काडतुसात समवेगाचा जवळजवळ संपूर्ण विचार बंदिस्त आहे. शिपायाने लढाईच्या घाईत, घामेजल्या हाताने दारू ओतली तर ती दर वेळी वेगळी पडणार. म्हणून ती कारखान्यात आधीच मोजून बांधली. गोळी एकाच साच्यातली, चरबी ठरलेली, कागद ठरलेला. शिपायाच्या वाट्याला एकच कृती ठेवली होती: टोक दातांनी तोडायचे. आणि नेमकी तीच कृती त्याच्या धर्माला, जातीला आणि आत्मसन्मानाला भिडली. जानेवारी १८५७ मध्ये दमदमच्या आगारातून ती वार्ता निघाली आणि छावणीमागून छावणी पेटत गेली. शिपायांनी आपापले तूप-मेण लावावे अशी मुभा त्याच महिन्यात देण्यात आली. पण तोवर विश्वासाची फट इंचाच्या हजारांशांत मोजण्याजोगी राहिली नव्हती. ज्यांनी दारूचा प्रत्येक दाणा तोलला त्यांनी चरबी कुणाच्या ओठांना लागणार आहे हे तोलले नाही. १८५७ ची कारणे अनेक आहेत आणि खोल आहेत. परंतु एका यंत्रविचाराच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाचा विसर पडला की काय होते, याचे इतके बोचरे उदाहरण दुसरे नसेल.

या सगळ्याची लहान, हाताच्या पंज्यात मावणारी आवृत्ती म्हणजे त्या काळचे रिव्हॉल्वर. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात कोल्ट आणि ॲडम्स या दोघांची सहाबारी व पाचबारी पिस्तुले समोरासमोर आली, आणि थोड्याच वर्षांत हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी ती स्वतःच्या खर्चाने बाळगू लागले. पिस्तुलाच्या मखमली पेटीत दारूचे भांडे, टोप्यांची डबी आणि अडकित्त्यासारखा एक चिमटेवजा साचा असे. शिसे वितळवायचे, साच्यात ओतायचे, थंड झाले की चिमटा उघडायचा, वरचे शेपूट छाटायचे, गोळी तयार. मग चक्राच्या प्रत्येक घरात दारू ओतायची आणि गोळी दट्ट्याने दाबून बसवायची. गोळी घरापेक्षा किंचित मोठी असे, त्यामुळे दाबताना तिच्या कडेने शिशाची एक बारीक कडी सोलून निघे. ती कडी पूर्ण निघाली की घर घट्ट बंद झाले असे समजावे. एका बंदुकीत एकच नळी. इथे मात्र सहा घरे, आणि सहाही आपापल्या स्वभावाची. एक घर कणभर रुंद, एक अरुंद, एक नळीशी किंचित तिरके. शिवाय चक्र आणि नळी यांच्यामध्ये एक फट असतेच, कारण ती नसेल तर चक्र फिरणार नाही; आणि त्या फटीतून प्रत्येक बाराचा थोडा जोर निसटतो. रिव्हॉल्वर म्हणजे असमानतेची अनेक कारणे एका मुठीत घेऊन हिंडणारे हत्यार.

म्हणूनच ओतीव गोळ्यांची काडतुसे हाताने भरण्याचा नाद पुढे, जिथे जिथे कायदा मुभा देतो तिथे, एक शांत आणि जवळजवळ तपश्चर्येसारखा छंद झाला. भारतात १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या छंदामागचा विचार समजून घेण्याला परवाना लागत नाही. शिसे ३२७ अंशांना वितळते. निव्वळ शिसे मऊ असते आणि साच्याचे कोपरे नीट भरत नाही. थोडे कथील घातले की ते साच्यात मोकळेपणी पसरते, आणि अँटिमनीने त्याला कठीणपणा येतो. साचा गार असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला तर पृष्ठभाग करकरीत पांढरट होतो. ओतणारा एका लयीत ओततो, कारण लय सुटली की साच्याचे तापमान सुटते आणि तापमान सुटले की वजन सुटते. मग तो गोळ्या एकेक करून तराजूत घालतो. हलकी भरली ती आतून पोकळ, हे तो न फोडता ओळखतो आणि तिला पुन्हा मुशीत टाकतो. शिशाच्या कामात हा एक मोठा दिलासा आहे: चुकलेली वस्तू फुकट जात नाही, ती पुन्हा वितळते.

पुढचा प्रश्न काडतुसाच्या कवचाचा. काळी दारू कवच काठोकाठ भरत असे. विसाव्या शतकाच्या तोंडाशी धूरविरहित दारू आली; तिला जागा थोडी पुरते, आणि जुन्या मापाच्या कवचात मोठी पोकळी उरते. पिस्तूल खाली झुकवून वर आणले तर दारू पुढे, गोळीपाशी असते. वर धरून खाली आणले तर ती मागे, ठिणगीपाशी असते. दारू तेवढीच, गोळी तीच, आणि तरीही ज्वलन निराळे होऊन वेग बदलतो. इंग्रज लष्कराने वेब्ली रिव्हॉल्वरच्या काडतुसाचे कवच १८९० च्या दशकात आखूड केले, त्यामागे हेच कारण होते. गोळीला कवचाच्या तोंडाने किती घट्ट आवळले आहे, गोळीचा व्यास चक्राच्या घरांच्या तोंडाशी किती जुळतो, मेणाचा थर सगळीकडे सारखा आहे की नाही, हे सगळे वेगात उतरते. जाणता माणूस एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गोळ्या जवळजवळ लागल्या, तर श्रेय कुणाला द्यायचे हे कधीच कळत नाही.

या कामात डोळ्यांवर विसंबता येत नाही, हाही त्याचा एक धडा. साध्या तर्काने मंद गोळी खाली लागायला हवी. लांबच्या निशाणावर ती खालीच लागते. परंतु जवळच्या निशाणावर रिव्हॉल्वरची मंद गोळी पुष्कळदा वर लागते. बार उडताच नळी वर उसळू लागते, आणि मंद गोळी त्या उसळणाऱ्या नळीत जास्त वेळ राहते. निशाण पाहून अनुमान बांधणारा इथे हमखास फसतो. म्हणून मोजणी आली. १८६० च्या दशकात बेल्जियमच्या ल बुलांजे या अधिकाऱ्याने असे यंत्र केले की गोळीने पहिली तार तोडताच एक दांडी पडू लागे आणि दुसरी तार तुटताच तिच्यावर खूण उमटे. दांडी किती पडली यावरून मधला काळ कळे. आता त्या तारांच्या जागी प्रकाशाचे पडदे आले आहेत. पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला, पुढे भुसावळजवळ वरणगावलाही. अशा प्रत्येक कारखान्यात मालाच्या प्रत्येक खेपेतून नमुने काढून वेग मोजल्याखेरीज ती खेप बाहेर पडत नाही. तिथे एका गोळीला कुणी विचारत नाही. सरासरी पाहिली जाते, आणि त्याहून बारकाईने पाहिले जाते ते सरासरीपासूनचे विचलन. एक उत्तम बार हा योगायोग असू शकतो. दहा बारांचा घोळका खोटे बोलत नाही.

झाशीच्या तटावर मोजणीची यंत्रे नव्हती, पण गोलंदाजांचे शहाणपण होते. तोफखान्याचा मुख्य गुलाम गौस खान, त्याचे सोबती, आणि कडक बिजली, भवानी शंकर, घनगर्ज अशी नावे मिरवणाऱ्या तोफा लोकांच्या स्मरणात आहेत. तोफेला नाव देण्याच्या प्रथेत केवळ भाबडेपणा नाही. प्रत्येक तोफेची खोड वेगळी होती म्हणून तिला नाव होते. कोणती किती मागे सरकते, कोणती उजवीकडे ओढते, कोणती तापल्यावर बिघडते हे तिच्याशी वर्षानुवर्षे वागलेल्या माणसालाच ठाऊक. समोर सर ह्यू रोजच्या तोफांना क्रमांक होते, कारण एकीचा गोलंदाज पडला तर दुसरीचा येऊन तेच काम त्याच आकड्यांनी करू शकत असे. एका बाजूला ओळखीने साधलेली अचूकता, दुसऱ्या बाजूला प्रमाणाने साधलेली. २५ मार्चपासून दोन्हींची झुंज जुंपली. खुद्द रोजने आपल्या अहवालात कबूल केले की बंडवाल्यांच्या तोफखान्याचा प्रमुख अव्वल दर्जाचा गोलंदाज होता, बंद पाडलेल्या तोफा पुनःपुन्हा सुरू होत होत्या, आणि बायका मोर्चांवर दारूगोळा वाहताना दिसत होत्या. त्या बायकांच्या ओट्यांतल्या थैल्या कुणी, कोणत्या मापाने भरल्या असतील? रात्रीच्या दिव्याच्या उजेडात, वरून गोळे पडत असताना, मापी थरथरल्याशिवाय राहिली असेल काय? प्रत्येक थैलीतल्या कमी-अधिक चिमटीचा हिशेब दुसऱ्या दिवशी तटाने दिला असेल.

यात आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला अस्वस्थ करील. तटाच्या आत नेवाळकरांची झाशी होती. मराठी बोलणारी घरे, मराठी देवघरे, खंडेरावाच्या नावाचा दरवाजा. आणि तटाबाहेर रोजच्या सैन्यात मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी होत्या, ज्यांत कोकणातले आणि देशावरचे शिपाई मोठ्या संख्येने भरती झालेले असत. भिंतीच्या दोन्ही अंगांना एकाच भाषेत देवाचे नाव घेतले जात असेल. दुल्हाजूच्या कथेला एकच फितूर पुरतो. इतिहासात मात्र शेकडो साधी माणसे पोटासाठी, इमानासाठी, सवयीसाठी जिथे उभी होती तिथे उभी राहिली, आणि त्यांच्यातून फितूर कोण हे ठरवणारा तराजू कुणाच्याच हाती नाही.

समवेगाला स्वतःचे पापपुण्य नसते, हेही इथेच सांगितले पाहिजे. ८ जून १८५७ रोजी जोखनबागेत शरण आलेल्या युरोपियनांची, बायकामुलांसकट, कत्तल झाली. एप्रिल १८५८ मध्ये शहर पडल्यावर गल्लीबोळांतून जी कत्तल आणि लूट झाली तिचे वर्णन वरसईच्या विष्णुभट गोडशांनी केले आहे. पहिल्या प्रसंगी तलवारी होत्या, दुसऱ्या प्रसंगी उत्तम प्रमाणबद्ध बंदुका होत्या. हत्यार जितके एकसारखे चालते तितका माणसाचा निर्णय एकटा पडतो. त्याला यंत्राच्या लहरीमागे दडता येत नाही.

गोडशे भटजी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले होते, योगायोगाने वेढ्यात सापडले, आणि कित्येक वर्षांनी त्यांनी आठवणी लिहून काढल्या. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केला तो बराच संस्कार करून, भाषा साफसूफ करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणली, तेव्हा वाचकांना त्या ओबडधोबड, मध्येच थांबणाऱ्या, मध्येच धावणाऱ्या गद्याची खरी ओळख झाली. गोळीच्या बाबतीत जो गुण, तो साक्षीच्या बाबतीत दोष ठरतो. एका साच्यातून काढलेली, एका वजनाची, एका वेगाने येणारी आठवण संशयास्पद असते. भ्यालेल्या, उपाशी, भिजलेल्या माणसाची आठवण खाली-वर लागणारच.

परंतु त्या खाली-वर लागलेल्या खुणांतून मध्य काढण्याची रीत मात्र ओतकाम करणाऱ्या त्या अबोल माणसाकडूनच शिकावी. तो एका बारावरून निष्कर्ष काढत नाही. पोकळ गोळी आवाजावरून मोहून ठेवत नाही, तराजूत घालतो. दुल्हाजूची कथा हा असा एक बार आहे, नेमका वर्मी लागलेला, आणि म्हणून विश्वसनीय वाटणारा. त्याच्या शेजारी शिड्यांच्या हकिगती ठेवाव्या, रोजचा अहवाल ठेवावा, भटजींचे अडखळते गद्य ठेवावे, दारू वाहणाऱ्या निनावी बायका ठेवाव्या, आणि मग घोळका कुठे पडतो ते पाहावे. झाशी एका अडसरामुळे पडली असे त्यातून निघत नाही. उलट असे दिसते की अपुऱ्या वेळात, असमान साधनांनी, थकल्या हातांनी एका शहराने जितके सारखे आणि जितका वेळ लढता येईल तितके लढून पाहिले, आणि समोरचे सैन्य त्याहून थोडे अधिक सारखे, थोडा अधिक वेळ लढले. ओरछा दरवाजाच्या दगडांवर ज्या फितुरीचा डाग दिला गेला आहे तो पुसण्यासाठी नव्या वीरकथेची गरज नाही. एक तराजू पुरेल, आणि तो हातात धरून घाई न करणारा माणूस.